एका एप्रिलचा ताल

माझ्या थोरल्या बहिणीची ढोलकी माझ्यामुळे बंद पडली, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायचं ठरवलं तर मी कूलरबद्दल लिहीन, मोहाच्या वासाबद्दल लिहीन, आणि मूळ गोष्ट कुठेतरी कडेला ठेवून उठेन. तशी मला सवय आहे. म्हणून आधी हेच. विमलताई आमच्या विहारातली एकमेव बाई, जिच्या ढोलकीवर पुरुषांची गायन पार्टीसुद्धा गायची. तिला मी एका दुपारी सांगितलं की तू तालात मागे पडतेस. ते खरं नव्हतं.

यंदा फाल्गुन संपता संपता कूलर खाली उतरवला. जुना, काळा पडलेला वाळा काढून नवा भरला, पाणी सोडलं आणि पहिला गार झोत आला, तेव्हा त्या ओल्या वाळ्याच्या वासाबरोबर ती दुपार अंगावर आली. रायपूरचा एप्रिल असाच येतो. एका आठवड्यात पळस झडतो, रस्त्यावरच्या कडुलिंबाला बारीक पांढरा मोहर येतो, शहराबाहेरून सायकलवर मोहाची टोपली घेऊन येणारा माणूस जवळून गेला की गोडसर, डोकं जड करणारा वास मागे राहतो. आणि आमच्या लोकांच्या घरी जयंतीची तयारी सुरू होते. निळे झेंडे धुऊन वाळत पडतात. पांढऱ्या साड्यांना नीळ चढते. संध्याकाळी विहारातून पेटीचा आवाज येऊ लागतो. माझ्यासाठी वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, या आवाजाने सुरू होतं.

बाबा भंडाऱ्याकडून इथे रेल्वेत आले. मालगाडीचे मोडके डबे दुरुस्त करायच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं. कामावरून आले की हात घासून धुवायचे आणि त्याच हातांनी ढोलकी मांडीवर घ्यायचे. त्यांची गायन पार्टी होती. गाणी ते स्वतःच रचायचे, चालता चालता, सायकलवर, बहुतेक कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी. आम्ही दोघं भाऊबहीण. मला त्यांनी पेटीवर बसवलं. ताईला कुठेच बसवलं नाही, ती आपणच बसली. आईच्या पेटाऱ्यावर, पत्र्याच्या डब्यावर, जेवायच्या पाटावर तिचे हात चालायचे. आई वैतागायची, "पोट्टी ढोलकी वाजवते काय कुठं? लोक काय म्हणतीन?"

बाबांनी एकदा ताईचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि आईला म्हणाले, "काहून नाही वाजवणार? हिचे हात का लाकडाचे हायेत?"

त्या वर्षीच्या जयंतीत ताईने पांढऱ्या फ्रॉकवर ढोलकी बांधली. सगळा पारा, म्हणजे आमची अख्खी वस्ती, बघायला आला. मी पेटीमागे होतो आणि मला माझे सूर आठवत नाहीत, फक्त तिची थाप आठवते. काही लोक हसायला आले होते, ते गाणं संपेपर्यंत पायाने ठेका धरून उभे होते. मी लहान होतो, तरी छाती फुगली होती. ती अजून उतरलेली नाही.

आता एका डब्याविषयी. माझ्या मागच्या खोलीत, चौबे कॉलनीतल्या आमच्या घरात, टेबलावर एक इंटरफेस आहे. माइकमधला आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारी लोखंडी डबी, एवढंच. ताई त्याला डबडं म्हणते. माझी बायको शारदा त्याला आपली सवत म्हणते. शंकर नगरातून बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून मी तो घेतला, तेव्हाच तो जुना होता. समोर दोन मोठी बटणं, एक लाल दिवा, पाठीमागे एक सैल जागा, जिथे वायरखाली घडी घातलेला कागद ठेवावा लागतो. माइक लावायला दोन जागा, त्यातली एक पहिल्याच पावसाळ्यात मेली. त्यामुळे एका वेळी एकच वाद्य घ्यायचं. आधी पेटी आणि गाणं, मग तेच कानात ऐकत ऐकत ढोलकी. वर्षानुवर्षं जुन्या कॉम्प्युटरवर त्याने इमानाने काम केलं.

मग एका वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, कॉम्प्युटर जळाला. नवा आणला तर तो या डब्याला ओळखेना. बनवणाऱ्या कंपनीने याचा नाद केव्हाच सोडून दिला होता. दुकानातला पोरगा डबा हातात फिरवून म्हणाला, "भैया, इसका ड्राइवर अब नहीं आता. म्यूज़ियम में दे दो." माझी मुलगी म्हणाली, "पापा, नया ले लो ना." मी वीज खात्यातला माणूस. मोडलेलं मीटर उघडून बघितल्याशिवाय मी बदलत नाही. आणि बाबांचा मुलगा. मोडक्या डब्यांना पुन्हा रुळावर घालण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या घरात असं काही फेकत नाहीत. मी आठवडाभर शोधलं, कुठल्या तरी परदेशी हौशी माणसाने लिहिलेला कामचलाऊ ड्रायव्हर, म्हणजे डबा आणि कॉम्प्युटर यांना जोडणारा प्रोग्रॅम, सापडला, आणि एका सकाळी लाल दिवा लागला. मी शारदाला हात धरून ओढत आणलं. तिने दिवा पाहिला आणि म्हणाली, "लागला. आता देवळीतल्या दिव्यापुढे बसावं तसे त्याच्यापुढे बसून राहा."

मी खरंच बसून राहिलो. कंपनीने सोडलेलं मी चालवून दाखवलं होतं. त्या डब्यात काही चूक असू शकते, हे त्या दिवसापासून माझ्या मनातच येईना.

त्याच वर्षी ठरलं, बाबांची गाणी आपल्याच घरी रेकॉर्ड करायची आणि जयंतीच्या मिरवणुकीत भोंग्यावर लावायची. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. रविवारच्या दुपारी ताई आली, ऑफिसातून आणलेल्या थकव्यासकट. ती सिंचन खात्यात हेडक्लार्क, आठवडाभर फायलींशी भांडते. खिडकीला मी गाद्या लावल्या होत्या. कूलर बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. खोलीची भट्टी झाली होती. उन्हाने ढोलकीची पुडी तापून सूर चढत होता आणि ताई ओला फडका फिरवून त्याला खाली आणत होती. शारदाने पन्हं आणलं. मी ताईच्या कानांवर हेडफोन चढवला.

"हे काय कानाले कढई लावली?" ताई म्हणाली. "यात भजे तळतं का गाणं?"

"ऐक ना. पेटी येऊन राहिली?"

"येऊन राहिली. तू जरा बेसुरा गायला हाय, पण येऊन राहिली."

ते गाणं बाबांचं सगळ्यात आवडतं होतं. एक आई पहाटे मुलीला शाळेसाठी उठवते, त्याचं गाणं. त्याची ओळ होती, "पाटी घे वं पोरी, अंगणात उजेड." बाबांनी ते ताईच्या पहिल्या शाळेच्या दिवशी रचलं होतं. ताईने डोळे मिटले आणि वाजवलं. समोर बसून ऐकताना मला फक्त ढोलकी ऐकू येत होती, कारण पेटी तिच्या कानात होती. तिचे खांदे हलत नव्हते, फक्त मनगटं. बाबा असेच वाजवायचे.

मग मी दोन्ही एकत्र लावून ऐकलं. ढोलकी मागे पडत होती. फार नाही, केसभर, पण प्रत्येक थापेला. पेटीचा सूर उंबरठ्यावर येऊन उभा राहतो आणि ढोलकी अजून अंगणात आहे, असं.

"ताई, तू थोडी मागे पडून राहिली."

"मागे? मी?"

"ऐक तू."

तिने ऐकलं. पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा ऐकलं. मला वाटलं होतं ती भांडेल. लहानपणी माझा पेटीचा हात चुकला की ती ढोलकीवरूनच मला चापट मारायची. पण ती भांडली नाही. हेडफोन मांडीवर ठेवून ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"हो रे. मागेच हाय." मग हेडफोन पुन्हा उचलत, "मशीन खोटं कायले बोलीन."

मी म्हणालो, पुढे घे थोडं. तिने पुन्हा वाजवलं, पुन्हा मागे. अजून पुढे घे. असं कितीतरी वेळा. शेवटी एकदा बरोबर बसलं. मी टाळी वाजवली. ताई घामाने भिजली होती. म्हणाली, "सुध्या, मले तर पळाल्यासारखं वाटून राहिलं."

"ऐकायला बरोबर येते ना? मग झालं."

मग झालं. किती सहज म्हणालो मी ते.

मिरवणुकीत गाणं वाजलं. निळ्या झेंड्यांखाली, गुलालाच्या धुळीत, ट्रॉलीवरच्या भोंग्यातून बाबांचं गाणं माझ्या आवाजात आणि ताईच्या ढोलकीवर पूर्ण रस्ताभर वाजलं. लोक मला थांबवून विचारत, कुठल्या स्टुडिओत केलं? मी म्हणायचो, घरीच. ताई पांढऱ्या साडीत बायांच्या रांगेत चालत होती. ती गाण्यावर टाळ्या वाजवत नव्हती, हे मी तेव्हा पाहिलं होतं. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

पुढच्या रविवारी विहारात महिला मंडळाचं गायन होतं. ताई ढोलकीवर बसली आणि गाणं पळायला लागलं. आम्ही सगळे हसलो. बायांचा श्वास पुरेना. मंडळातल्या कुसुमकाकू, ज्यांच्या जिभेला लगाम नाही, गाता गाताच थांबून म्हणाल्या, "काहून वं विमल, गाडी सुटून राहिली काय तुही?" ताईही हसली. मग ती सावरायला गेली आणि मागे पडली, मागे पडली म्हणून पुढे घेतलं. पुढच्या वेळी तसंच. जिने आयुष्यात कधी मोजून वाजवलं नव्हतं, ती आता मोजत होती, आणि मोजणारा हात वाजत नाही. पावसाळ्याच्या आत तिने ढोलकी आईच्या जुन्या साडीत बांधून माळ्यावर ठेवली. मी घरी गेलो तेव्हा म्हणाली, "वय झालं रे. हातच तो."

यावर मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज माहीत आहे. तेव्हा मी म्हणालो, "होतंच ताई. साहजिक आहे." आणि तिच्या हातचा चहा प्यालो.

त्यानंतरच्या जयंत्यांना महिला मंडळ मोबाइलवरच्या ठेक्यावर गायलं. कोणीतरी मोबाइल स्टीलच्या तांब्यात ठेवायचं, आवाज मोठा व्हावा म्हणून. टकटक टकटक, सगळ्या गाण्यांना एकच. ताई मागच्या रांगेत बसून गायची.

यंदा वाळ्याचा वास आला आणि वाटलं, बाबांची राहिलेली गाणी घ्यावीत. ताईला बोलवायचं मनात आलं नाही, हेही लिहितो. मी एकट्याने पेटी घेतली, मग तीच कानात ऐकत मंजिऱ्या म्हणजे बारीक झांजा वाजवल्या. एकत्र लावून ऐकलं. मंजिऱ्या मागे. केसभर, प्रत्येक ठोक्याला. पुन्हा घेतल्या, पुन्हा मागे. मी खुर्चीत टेकलो आणि पहिला विचार आला तो असा: या डब्यात काहीतरी गडबड आहे.

त्या विचाराशी मी थांबलो. बाहेर उन्हात कोणीतरी शेवग्याच्या शेंगा विकत "मुनगा ले लो" ओरडत चाललं होतं. माझा हात मागे पडला तर डबा चुकला. तिचा पडला तेव्हा डबा माझ्या मनातसुद्धा आला नव्हता. ती बाई होती म्हणून, की वय झालं होतं म्हणून, की डबा मी जिवंत केला होता म्हणून? तिन्ही असावं. कोणतं जास्त, हे शोधायची मला भीती वाटते.

तपासायला एक वायर पुरते. डब्याच्या बाहेर जाणाऱ्या तोंडातून ती त्याच्याच आत येणाऱ्या तोंडात घालायची, एक टक पाठवायचा आणि तो परत कधी पोचतो ते बघायचं. मीटर तपासताना मी असंच करतो. आवाजाला आत जायला आणि बाहेर यायला वेळ लागतोच. जुना ड्रायव्हर तो वेळ कॉम्प्युटरला सांगायचा, कॉम्प्युटर तेवढा वजा करायचा. हा कामचलाऊ ड्रायव्हर तो सांगतच नव्हता. टक पाठवला. उशिरा आला. पुन्हा पाठवला, तेवढ्याच उशिराने आला. ती वायर त्या एप्रिलमध्येही याच ड्रॉवरमध्ये होती.

मग मी ताईचं जुनं गाणं उघडलं. तिने अगदी पहिल्यांदा वाजवलेलं, मी नापास केलेलं. मी काहीच पुसत नाही म्हणून ते राहिलं होतं. ढोलकीची अख्खी पट्टी त्या उशिराएवढी मागून पुढे सरकवली आणि चालू केलं.

काय सांगू. प्रत्येक थाप आपल्या जागी येऊन बसली. "पाटी घे वं पोरी" म्हणताना पोरी या शब्दाच्या शेवटी मी नेहमीप्रमाणे जरा रेंगाळलो होतो, तर ताई तिथे माझ्यासाठी थांबली होती आणि उजेड शब्दावर तिने मला अलगद उचलून समेवर ठेवलं होतं. तापलेल्या खोलीत, कानाला कढई लावून, मी समोर घड्याळासारखा बसलेला असताना. बाबा असते तर उठून उभे राहिले असते. मी उभा राहिलो. शारदा दारात आली आणि विचारलं, "हे कोण वाजवतंय?" मी म्हणालो, "आपली ताई." ते म्हणताना माझी छाती पुन्हा त्या पांढऱ्या फ्रॉकच्या दिवसाएवढी झाली.

मग तिचं शेवटचं, मी टाळी वाजवून पास केलेलं तेही सरकवलं. ते पुढे पळत होतं. डब्याला जेवढा उशीर होत होता, बरोबर तेवढंच. माझ्या शब्दाखातर तिने आपला खरा ताल सोडून माझा खोटा ताल शिकून घेतला होता, आणि तोही इतका अचूक. तोच घेऊन ती विहारात गेली होती.

डब्यावर मी कागदाची पट्टी चिकटवली, याला किती उशीर होतो ते लिहून. ते सोपं होतं. ताईला मात्र मी फक्त नीट केलेलं गाणं मोबाइलवर पाठवलं, एक शब्द न लिहिता. तिने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मी शारदाला दाखवलं. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "छान. बहिणीनंच हात जोडले. आता तुम्हाला काही करायला नको."

त्या रविवारी मी विहारात गेलो. तालमीला बाया जमल्या होत्या, तांब्यात मोबाइल टकटकत होता. ताई मागे भिंतीला टेकून बसली होती. मी तांब्यातला मोबाइल काढला आणि कुसुमकाकूंना म्हणालो, जरा ऐका. गाणं लावलं. पहिल्याच कडव्याला काकूंची मान हलू लागली. संपल्यावर म्हणाल्या, "ही तर विमल हाय. पहिलेची विमल."

मी सगळं सांगितलं. ड्रायव्हर, वायर, टक, उशीर. बराच वेळ बोललो. सांगता सांगता मला हलकं वाटायला लागलं, कारण प्रत्येक वाक्यात चुकलेला डबाच होता. ताई ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "म्हणजे तुह्या डबड्याची चूक."

"हव."

"मंग त्याची माफी तो मागीन. तुह्यं काय ते तू बोल."

बाहेर झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती. येताना ताईच्या घरून ढोलकी मीच माळ्यावरून काढून आणली होती, ती दाराशी साडीत तशीच बांधलेली होती. मी गाठ सोडली, ढोलकी तिच्यापुढे ठेवली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो, पेटीवर बसायचो तसा.

"ताई, मशीन बोललं आणि मी मानलं. तू बोलली, पळाल्यासारखं वाटते म्हणून, ते मी मानलं नाही. तुह्या हातापेक्षा मले माह्या डब्याचा गर्व जास्त होता. मंग तू वय झालं म्हणली, तवाही मी हो म्हणून चहा पिऊन आलो. तू कधीच मागे नव्हती. सगळ्यांसमोर सांगतो, मी चुकलो. मले माफ कर."